गाडीचा आवाज आणि आबांचे कान

आई गेल्यानंतर आबांना दर रविवारी गाडीतून नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं. लोणावळ्याहून निघायचं, कान्हे फाट्यावरून आत वळून टाकव्याला जायचं, त्यांना घ्यायचं. मग कधी तळेगावला कानाच्या डॉक्टरांकडे, कधी चष्म्याच्या दुकानात, तर कधी नुसतंच आमच्याकडे जेवायला. संध्याकाळी परत सोडायचं. गाडी आमची लहान आणि जुनी. लोणावळ्यात बँकेत मी चालतच जाते आणि नवऱ्याची शाळाही जवळ आहे, त्यामुळे गाडी खरं तर आबांसाठीच बाहेर निघायची.

आबा नवलाख उंबऱ्याजवळच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला होते. तिथे पत्रा मशीनखाली सरकतो, वरून दाब येतो आणि त्यातून एखादा आकार निघतो. तो दाब दिवसभर कानावर पडत असतो. कंपनीने कानात घालायला रबरी बोळे दिले होते, पण ते घातले की सुपरवायझर काय म्हणतोय ते कळत नाही म्हणून आबा ते खिशातच ठेवायचे. निवृत्त झाले तेव्हा त्यांचं निम्मं ऐकणं गेलेलं होतं, आणि उरलेलं हळूहळू जातच होतं. घरात मात्र ते फारसं जाणवलं नाही, कारण आई होती. ती आधी त्यांच्या खांद्याला हात लावायची, त्यांनी मान वळवली की समोर येऊन मोजक्या शब्दांत सांगायची. समोरच्याने लांबण लावली असली तरी ती आबांपर्यंत पोचवताना एवढंच म्हणायची, "लग्न हाय. जायाचंय." आबांना तेवढं पुरायचं.

ती गेल्यावर आम्ही आबांना कानाचं मशीन घेतलं. घरात आणि ओट्यावर ते त्यांना सोसलं. रविवारी सकाळी विहारात वंदनेला बसतानाही ते घालायला लागले. गाडीत मात्र मुख्य रस्त्याला लागेपर्यंत ते मशीन कानातून काढून सदऱ्याच्या खिशात टाकलेलं असायचं. का काढलं, असं मी हातानेच विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तुजी गाडी लय वरडती, बाय. डोक्यात गिरण चालू झाल्यावानी हुतंय."

मला गाडीचा आवाज कधी जाणवलाच नव्हता. जुन्या गाडीचा असतो तेवढा आवाज. तळेगावच्या डॉक्टरीणबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मशीन सगळंच मोठं करतं. तुमचं बोलणंही आणि खालून येणारी घरघरही. आपल्या कानाला त्यातून बोलणं वेगळं काढता येतं, त्यांच्या कानाला आता ते जमत नाही." त्यांनी मशीनची सेटिंग बदलून दिली. दवाखान्याबाहेर रहदारीच्या रस्त्यावर आबा म्हणाले, "आता बरं हाय." गाडी तळेगावच्या बाहेर पडली आणि मशीन पुन्हा खिशात.

त्यामुळे गाडीत आमचं बोलणं म्हणजे माझं एकटीचं बोलणं असायचं. मी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायचे. आबा रस्त्याकडे बघत मान हलवायचे. अधूनमधून "व्हय, व्हय" म्हणायचे. त्यांच्या एकटं राहण्याची मला काळजी होती आणि आठवड्यातला निवांत वेळ गाडीतलाच, म्हणून बरेच विषय मी तिथेच काढले. आमच्याकडे राहायला या. मागची खोली तुमच्यासाठी मोकळी करू. भात निघालं की खाचरं शेजारच्या भावकीतल्या काकांना वाट्याने देऊन टाकू, तुम्हाला आता चिखलात उतरायला नको. आबा म्हणाले, व्हय. खोलीतल्या पेट्या आम्ही वर टाकल्या, भिंतींना रंग दिला, एक नवा पलंग आणला. काकांच्या कानावरही मी ती गोष्ट घातली.

गाडी शांत करता येते हे मला जुन्या हायवेवरच्या एका दुकानदाराकडून कळलं. तो सीटकव्हरं आणि स्पीकर बसवतो. मी पायपुसण्या घ्यायला गेले होते आणि सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, "होतं ना मॅडम. डॅम्पिंग म्हणतात त्याला. पत्र्याला आतून जड, चिकट शीट मारायची, म्हणजे पत्रा थरथरत नाही. दरवाजे करून घ्या, फरक लगेच कळेल."

दरवाजे करून घेतले. फरक लगेच कळला. आधी दरवाजा लावला की रिकामा डबा आपटल्यासारखं व्हायचं, आता दबका, भरीव आवाज यायला लागला. गाणीही चांगली वाजायला लागली. घरी येताना मी खुशीत होते. रविवारी आबांना घेऊन तळेगावला निघाले तर त्यांनी नेहमीच्याच ठिकाणी मशीन काढलं.

मी पुन्हा दुकानात गेले. काय झालं ते त्याला सांगितलं. त्याने उलट वाद घातला नाही.

"बहुतेक गिऱ्हाइकं गाण्यासाठी करून घेतात," तो म्हणाला. "तुम्हाला रस्त्याचा आवाज नकोय, हे माझ्या डोक्यात यायला पाहिजे होतं. तो खालून येतो, फ्लोअरमधून आणि चाकांच्या वरच्या पत्र्यातून. सगळ्या सीट काढून, कार्पेट काढून करावं लागतं. आता दिवाळीची गर्दी आहे, माझ्याकडे जागा नाही. सीझन संपला की गाडी आणून टाका."

नवऱ्याला दिवाळीची सुट्टी लागली होती. तो म्हणाला, "सीट काय, बोल्टांवरच तर असते. आपणच करू." मी म्हटलं, तू आयुष्यात पंख्याला तेल घातलेलं नाहीस. पण त्याला ते सुचल्यापासून तो दुसरं काही बोलेना. शेवटी दुकानदाराकडूनच शीट घेतल्या, वरून टाकायचा फोम घेतला, आणि शीट दाबून बसवायचा छोटा रोलर त्याने वापरायला दिला. आमच्या इमारतीच्या पार्किंगला उतार आहे, तिथे गाडी उघडून ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही ती टाकव्याला नेली, आबांच्या अंगणात.

भात कापून झालं होतं. पेंढ्या एका बाजूला रचलेल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला आमच्या गाडीच्या सीट. नवऱ्याने आधी बॅटरीची वायर काढली, मग सीटखालची एअरबॅगची पिवळी वायर जपून सोडवली, तसं त्याला दुकानदाराने बजावलं होतं. शेजारची मावशी येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. ती म्हणाली, "लय मऊ हाय गं. ही हितंच ऱ्हाऊ दे." दुपारपर्यंत आणखी दोघी-तिघी येऊन बसून गेल्या.

कार्पेट उचललं तर त्याच्या खालचा जाड नमदा ओलाकच्च होता. काळा पडलेला, कुबट वासाचा. लोणावळ्याचा पाऊस पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत उतरत होता. जाळीत पानं अडकून पाणी जायची वाट बंद झाली होती, आणि आम्ही ते पाणी कितीतरी दिवस पायाखाली घेऊन फिरत होतो. नवऱ्याने जाळीतली पानं मूठ-मूठ काढली. नमदा उन्हात पसरला. पत्र्यावर एके ठिकाणी गंज धरला होता, तो घासून काढून तिथे रंग लावला. पहिल्या दिवशी आवाजाचं काम झालंच नाही, नुसतं वाळवणच झालं.

आबा हे सगळं ओट्यावरून बघत होते. संध्याकाळी ते उठून आले, गाडीत वाकले आणि उघड्या पत्र्यावरून हात फिरवला. मग बोटाच्या पेराने ठोकलं. त्यांना त्याचा आवाज कितपत आला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवऱ्याला म्हणाले, "पाव्हणं, इंजिन चालू करा." नवऱ्याने बॅटरी जोडून इंजिन चालू केलं. आबांनी तळहात पत्र्यावर टेकवला आणि तो जागोजागी हलवत गेले. "हितं लय हलतंय. हितं कमी. हितं तर काईच न्हाई." मी खडूने खुणा केल्या. आई गेल्यापासून ते इतकं सलग कुणाशी बोललेले मी पाहिले नव्हते. पत्र्याला ते 'माल' म्हणत होते, कारखान्यात म्हणायचे तसं.

शीटच्या मागचा कागद काढायचा, ती खाली टेकवायची, वरून रोलर फिरवायचा, असं काम. उन्हामुळे शीट मऊ झाली होती आणि नीट बसत होती. चाकांच्या वरचे गोलसर भाग अवघड होते. तिथे मी तुकडे कापून लावले. कडांना माझी आणि नवऱ्याची बोटं कापली, कारण शीटच्या वर पातळ अॅल्युमिनियम असतं. दुपारी आम्ही जेवायला आत गेलो. आबा म्हणाले, "तुमी व्हा फुडं."

जेवून बाहेर आलो तर फ्लोअर पूर्ण झाला होता. इतका नेटका, की मला तो आमच्या गाडीचा वाटेना. कडेला कड लावून, मध्ये बोटभरही फट न ठेवता आबांनी सगळा पत्रा झाकून टाकला होता. नवरा खूश झाला. त्याने वर फोम अंथरला, वाळलेलं कार्पेट टाकलं आणि आम्ही दोघांनी पुढची सीट उचलून आत ठेवली. बोल्ट लावायला तो वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

"भोकं कुठेत?" त्याने विचारलं.

सीटच्या बोल्टांची भोकं शीटखाली गेली होती. सीटबेल्टच्या बोल्टांचीही, आणि खाली पाणी काढायची रबरी बुचंही. सीट परत बाहेर, कार्पेट परत बाहेर, फोम परत बाहेर. नवरा खिळ्याने टोचून टोचून भोकं शोधायला लागला. चिकट काळा माल खिळ्याला, बोटांना, शर्टाला लागत होता.

तो आबांसमोर गेला आणि मोठ्याने म्हणाला, "मामा, इथं बोल्ट बसतात! मी सांगितलं होतं ना, तेवढी जागा सोडा म्हणून!"

"कवा सांगितलं?"

"जेवायला जाताना! तुम्ही व्हय म्हणालात!"

आबांनी नवऱ्याच्या हातातला खिळा घेतला, गुडघ्यावर बसले आणि उरलेली भोकं स्वतः शोधून काढली. त्यांनी कुठे काय झाकलं होतं ते त्यांना आठवत होतं. संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्या सीट बसल्या. मावशीला मात्र वाईट वाटलं.

पुढच्या रविवारी तळेगावला जायचं होतं. मी टाकव्याला पोचले तेव्हा आबा तयार होते, मशीन कानात होतं. येताना मी एकटीच होते तेव्हाच मला फरक कळला होता. गाडी काही मुकी झाली नव्हती. पण पायाखालची घरघर लांब गेल्यासारखी वाटत होती, शेजारच्या घरात कुणी जातं फिरवावं तशी. त्या घरघरीखाली आजवर झाकलेले बारीकसारीक आवाज आता वर आले होते. सीटबेल्टचं बक्कल दोन दरवाजांमधल्या पत्र्याला लागत होतं. पुढच्या खणात काहीतरी खडखडत होतं. टायर झिजलेत, हेही मला तेव्हा ऐकून कळलं. ते पुढे बदलले, तेव्हा आणखी फरक पडला.

आबा बसले. आम्ही गावातून निघालो. त्यांचा हात कानाकडे गेला नाही. मी मुद्दाम काही बोलले नाही. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "काय खडखडतंय गं?"

"खणात काहीतरी आहे."

मी नेहमीच्या आवाजात बोलले होते. त्यांनी खण उघडला, आतला पाना काढून पायाशी ठेवला. मग त्यांनी विचारलं, यंदा बँकेत दिवाळीला सुट्टी किती होती. नातीचं कॉलेज कसं चाललंय. माझ्या नवऱ्याचे हात बरे झाले का. मी एकेकाचं उत्तर देत गेले. ओरडून न बोलता गाडीत आबांशी बोलणं मला अवघड जात होतं. मोठ्या आवाजात बोलताना माणूस सगळं थोडक्यात उरकतो, हे तेव्हा लक्षात आलं.

मग मी म्हटलं, "खोली तयार आहे आबा. कपाटही आणलंय. पुढच्या महिन्यात सामान हलवू."

"कुनाचं सामान?"

"तुमचं."

"माजं? कुटं?"

मला वाटलं, मशीन नीट चालत नसेल. "लोणावळ्याला, आमच्याकडे. आपलं बोलणं झालंय ना. तुम्ही व्हय म्हणालात."

"मी कवा म्हनलो?"

"इथंच. गाडीत. किती वेळा."

आम्ही इंद्रायणीच्या पुलाजवळ आलो होतो. मी गाडी कडेला घेऊन थांबवली आणि इंजिन बंद केलं.

"गाडीत मला काय ऐकू येत व्हतं?" ते म्हणाले. "मी समद्यांलाच व्हय म्हनतो. न्हाई म्हनलं की लोकं पुन्यांदा सांगत्यात. ते बी ऐकू येत न्हाई. मंग आनिक एकदा सांगत्यात. त्यापरीस व्हय म्हनलेलं बरं."

मला राग आला. नेमका कशाचा, ते तेव्हा कळलं नाही. रंगाचा वास अजून त्या खोलीतून गेला नव्हता. मी विचारलं, "मग आता ऐकू येतंय तर सांगा. यायचंय का नाही?"

"न्हाई," आबा म्हणाले.

त्यांनी कारणही सांगितलं. "हितं समद्यांला ठावं हाय. आदी खांद्याला हात लावत्यात, मंग म्होरं येऊन बोलत्यात. तुज्या आयनं लावलेली सवय हाय ती. मावशी लावती, इहारातली मानसं लावत्यात. दुकानवाला सुदीक. तितं तुमी दोगं सकाळी जानार कामाला. दारावर आलेलं मानूस घंटी वाजवनार. मला काय कळनार?"

मी म्हटलं, घंटीबरोबर दिवा लागतो असं काहीतरी मिळतं, ते बसवू. ते म्हणाले, "बसव. मी आलो की बगीन." म्हणजे राहायला नव्हे, पाहुणा म्हणून.

"आणि खाचरं? काकांना मी सांगून बसलेय."

"काय सांगितलंस?"

"वाट्याने देतोय म्हणून."

आबांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच काहीतरी हललं. "आगं, हरबरा टाकायचाय मला. वल हाय तवर टाकाया पायजे." मग ते म्हणाले, "चल. डाक्टरीनबाय जातील."

आम्ही तळेगावला गेलो. बाईंनी तपासलं, गाडीतलं ऐकू येतंय का विचारलं. आबा म्हणाले, "येतंय. लय येतंय." बाई हसल्या. मी हसले नाही.

परत आल्यावर मी त्याच संध्याकाळी काकांच्या घरी गेले. ते बैलाला वैरण टाकत होते. जमिनीचं जमणार नाही, असं मी सांगितलं. त्यांनी माझं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "तुज्या बापाला मी बांधावर इचारलं, खाचर देतूस का. व्हय म्हनला. आन् लगीच मला इचारतोय, ह्या टायमाला हरबऱ्याचं बी कुटनं आनायचं. म्हनलं, ह्याला काय ऐकू आलेलं न्हाई. बी मीच दिलंय त्याला."

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत. ते म्हणाले, "तुमच्या घरातली गोष्ट. मी कशाला मदी पडू?"

आमच्या घरी नवऱ्याने ते ऐकून एवढंच म्हटलं, "म्हणजे त्यांनी बोल्टांचंही ऐकलंच नव्हतं." काही दिवसांनी त्याने आपलं टेबल आणि वह्यांचे गठ्ठे त्या खोलीत हलवले. मुलगी सुट्टीला आली की नव्या पलंगावर झोपते. टाकव्याला आबांच्या संध्याकाळच्या जेवणाचं मावशीच्या सुनेने अंगावर घेतलं. सकाळचं आबा स्वतः करतात. भाकरी त्यांना जमत नाही, भात जमतो.

रविवारची फेरी चालूच राहिली. गाडीत आता आबा बोलतात, आणि पुष्कळदा माझ्या म्हणण्याला नाही म्हणतात. मी सुचवलेला डॉक्टर नको, मी आणलेला स्वेटर नको, मागच्या दाराला कडी हवी, लोखंडी नको, पितळी हवी. आईबद्दल ते फार बोलत नाहीत. एकदा कार्ल्याच्या आसपास त्यांनी आपण होऊन सांगितलं की तिच्या शेवटच्या दिवसांत ती काय म्हणत होती ते त्यांना धड कळलं नव्हतं. ती पडल्या पडल्या बोलायची आणि ओठ दिसायचे नाहीत. मी तेव्हा तिच्याजवळ होते. ती पाणी मागायची, उशी सरकवायला सांगायची, आणि दिवा मालवा म्हणायची. मी ते त्यांना सांगितलं. "एवढंच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एवढंच. त्यांनी मान हलवली.

हरभरा निघाला तेव्हा मी रजा टाकून टाकव्याला गेले, नवराही आला. ऊन चढायच्या आत उपटायचा असतो, उशीर झाला की घाटे हाताला लागून फुटतात. काकाही आपलं काम सोडून मदतीला आले होते. आबांनी मला बांधाकडची ओळ दिली, नवऱ्याला तिच्या शेजारची, आणि कसं उपटायचं ते एकदा करून दाखवलं. मग ते काकांबरोबर पुढच्या खाचरात उतरले.